वाखनिंगनचा अर्धा तुकडा

पुणे, ८ मे २०२५

श्रीमती मंजूषाताई यांना सप्रेम नमस्कार.

मी सुखरूप पुण्याला पोहोचले. तुम्हाला फोनपेक्षा पत्र आवडतं असं संहिता म्हणाली, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. लेकीच्या सासूबाईंना पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. काही कमीजास्त झालं तर पोटात घाला.

मुलांनी आपल्या दोघींना आम्स्टरडॅमचे तीन दिवस भेट दिले, ते केवळ तुमच्या सोबतीमुळे छान गेले. एकटी असते तर मी हॉटेलच्या बाहेर पाऊल टाकलं नसतं. कालव्यातली बोट दोनदा झाली, पवनचक्क्या झाल्या, चीजचं दुकान झालं. ती कपावर ठेवून गरम केलेली स्ट्रोपवाफल नावाची पाकभरली चकती, ते पिठीसाखरेतले इवलेसे घावन, पोफर्चेस, कागदाच्या पुडीतले बटाट्याचे तुकडे, सगळं झालं. तुमची बोटीची हौस पुरी झाली याचा मला फार आनंद आहे. दुसऱ्या वेळी वारा जरा जास्त होता, पण तुमच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहिलं आणि म्हटलं, असू दे. आमचे हे ते फोटो सोसायटीत दाखवत फिरताहेत.

तुम्ही अजून तीन आठवडे फोरबर्गला मुलांकडे आहात. काही पाहायचं राहिलं असेल तर सारंगरावांना सांगून पाहून घ्या. माझ्या मते तरी काही राहिलेलं नाही.

माझा करडा स्वेटर तुमच्याकडे आला आहे का?

तुमची विहीण,
सुचित्रा


फोरबर्ग, ११ मे

सौ. सुचित्राताई, नमस्कार.

स्वेटर माझ्याकडे आहे. येताना आणीन.

आता बाकीचं. हे पत्र मी आधी एकदा गोड लिहिलं, वाचलं आणि फाडून टाकलं. दहावीनंतर माझी शाळा सुटली. पुढचं जे काही आलं ते नाशिकच्या वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून आलं, आणि त्यात गोड बोलायचं तेवढं राहून गेलं. तेव्हा सरळ लिहिते.

बोटीची हौस मला? सुचित्राताई, बोट तुम्हाला हवी होती! मी त्या धक्क्यावर उभी राहून नुसती पाटी वाचत होते. दिसेल ती पाटी वाचायची मला खोड आहे, मग ती समजो न समजो. तुम्ही विचारलंत, "बसायचं का?" मी म्हटलं, "तुम्हाला हवं असेल तर बसू." तुम्ही म्हणालात, "चला तर मग!" मला वाटलं, बाईंची केवढी हौस. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा एक पाटी वाचली आणि पुन्हा बोटीत जाऊन बसले. चेहऱ्यावर समाधान कुठलं आलंय? थंडीनं दात वाजू नयेत म्हणून ओठ दाबून धरले होते.

आणि शनिवारची सकाळ आठवते? नाश्त्याला मी विचारलं, "आज कुठे जायचं?" तुम्ही म्हणालात, "तुम्ही म्हणाल तिथे." मी म्हटलं, "छे, तुम्ही पाहुण्या, तुम्ही आधी सांगा." तुम्ही म्हणालात, "मी मुलीची आई, माझं कसलं? तुम्ही आधी." कॉफी निवली तरी आपलं तुम्ही आधी, तुम्ही आधी चाललंच होतं. शेवटी मी जीव एकवटून म्हटलं, "जरा शहराबाहेर, शांत ठिकाणी जाऊ या." तुम्ही टाळी वाजवलीत, "अय्या, पवनचक्क्या!" गेलो तिथे. बसमागून बस रिकामी होत होती. फोटो काढायलासुद्धा रांग. झालं शांत ठिकाण.

मला त्या शनिवारी वाखनिंगनला जायचं होतं. कसं जायचं तेही मी आधीच पाहून ठेवलं होतं. आगगाडीनं एडे-वाखनिंगन, पुढे बस.

तुम्हाला वाटेल, ते कुठलं गाव. तिथे शेतीचं विद्यापीठ आहे. सारंगचे बाबा कांद्याच्या साठवणीवर काम करायचे, सारंग शाळेत होता तेव्हा त्यांना कचेरीनं तिथे शिकायला पाठवलं होतं, दोनेक महिने. शाकाहारी माणूस, तिथलं काही गळ्याखाली उतरेना. दर शनिवारी चर्चच्या चौकात बाजार भरायचा, तिथे जाऊन ते ॲपल पायचा एक मोठा तुकडा घेत आणि पायरीवर बसून खात. अर्धा खायचे आणि अर्धा कागदात गुंडाळून पिशवीत ठेवायचे. आमच्या घरी तशीच पद्धत. काहीही आणलं की अर्धं त्यांचं, अर्धं माझं. खोलीवर गेल्यावर त्यांच्या ध्यानात यायचं की बायको नाशिकला आहे. मग तो अर्धा ते रविवारी सकाळी चहाबरोबर खायचे. म्हणायचे, दुसऱ्या दिवशीच जास्त बरा लागतो.

ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की ते सुरू झाले की मी भाजी निवडायला घ्यायची. शेवटी एक वाक्य ठरलेलं. "मंजू, तुझा अर्धा अजून तिथेच आहे, बरं का. एकदा जाऊन खाऊन येऊ." आता ते गेले. दिवाळीत वर्ष होईल. मी या देशात येऊन दोन महिने झाले. तो अर्धा खायचा होता, बाकी मला इथलं काही पाहायचं नव्हतं. ते सोडून मी सगळं पाहिलं.

अजून एक मनात आहे तेही लिहून टाकते. रोज संध्याकाळी तुम्ही फोन घेऊन खोलीबाहेर पॅसेजमध्ये जायचात. माझ्याबद्दल काही बोलायचं असेल तर तोंडावर बोलायचं होतं. मी ऐकून घेतलं असतं.

मंजूषा


पुणे, १४ मे

मंजूषाताई,

तुमचं पत्र आलं तेव्हा फार राग आला. दोन दिवस हात लावला नाही. आमचे हे म्हणाले, "काय गं, खिरीत मीठ पडल्यासारखी का बसलीस?" त्यांना दाखवलं नाही. आज तुमच्यासारखंच सरळ लिहिते.

मला बोट लागते. कुठलीही बोट. लग्नानंतर यांनी पहिल्यांदा होडीत बसवलं तेव्हापासून. दुसऱ्या फेरीत मी स्वेटरच्या बाहीत प्लॅस्टिकची पिशवी धरून बसले होते. म्हणूनच तो स्वेटर काढला आणि तुमच्याकडे विसरले. पवनचक्कीचं म्हणाल तर त्या उभ्या जिन्यानं माझ्या गुडघ्यांचं काय झालं ते मी विमानात भोगलं. मला चीजचा वास सहन होत नाही. तुम्ही त्या दुकानात प्रत्येक चीजखालची चिठ्ठी वाचत होतात, म्हणून मी श्वास धरून तुमच्या मागे मागे.

मला काय हवं होतं सांगू? काही नाही. संहिताच्या स्वयंपाकघरात बसून तिला कुकर लावताना बघायचं होतं. ते सोडून तीन दिवस मी लेकीपासून लांब हॉटेलात.

पोफर्चेस खाताना मी विचारलं, "अंडं नसेल ना?" तेव्हा तुम्ही "कोण जाणे" म्हणालात. तुम्हाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी बाहेर केक खाते. आमच्या यांना कळू देऊ नका.

आता फोनचं. ते वाचून मला रडूच आलं. पॅसेजमध्ये जाऊन मी काय बोलत होते? "जेवलात का? बीपीची गोळी घेतली का? गॅसचं बटण बंद केलं का?" बस, रोज एवढंच. तुमच्या शेजारी बसून ते विचारायला माझी जीभ रेटेना, ताई. म्हणून बाहेर जात होते. त्या पॅसेजमधला दिवा माणूस हलला नाही की आपोआप विझायचा. मी एक हात हलवत यांच्याशी बोलायची.

शनिवारी तुम्ही नुसतं "वाखनिंगन" म्हणाला असतात तर माझे गुडघे वाचले असते आणि तुमचा शनिवार. अजूनही वेळ गेलेली नाही. सारंगरावांना सांगा ना! जीभ तर तुमची केवढी.

सुचित्रा


फोरबर्ग, १९ मे

सुचित्राताई,

फोनचं मी पुन्हा एकदा वाचलं. तुम्ही माझ्यापुढेच बोलला असतात तरी चाललं असतं. गोळी घेतली का, हे कोणाला तरी विचारलेलं ऐकायला मला आवडलं असतं. पण ते तुम्हाला कसं कळणार, मी कुठे बोलले. पुढच्या वेळी समोर बसून विचारा.

सारंगला सांगितलं. ऐका काय झालं.

शुक्रवारी जेवताना मी म्हटलं, "सारंग, एकदा वाखनिंगनला जायचं का?" तो भात कालवायचा थांबला. मग म्हणाला, "तिथे काय आहे आई? नुसती युनिव्हर्सिटी आहे. तुला गिथोर्नला नेतो ना. तिथे रस्तेच नाहीत, सगळीकडे कालवे. शनिवारचं बुकिंगसुद्धा करून टाकतो." संहिता म्हणाली, "आईंना आवडेल. आम्स्टरडॅमला दोनदा बसल्या बोटीत!"

बोट! सुचित्राताई, पुन्हा बोट!

मी म्हटलं, "मला बोट नको." तो म्हणाला, "अगं, तिथली बोट वेगळी असते. आवाज न करणारी." आणि ताट उचलून भांडी लावायला निघून गेला. अजून अर्धं जेवण ताटात होतं.

तुम्ही म्हणता जीभ केवढी. आहेच. आमच्या गल्लीतला भाजीवाला मला पाहून सडकी मेथी मागे सरकवतो. पण बाबा गेल्यापासून त्यांचं नाव निघालं, किंवा निघेल असं वाटलं, की हा पोरगा उठून काहीतरी कामाला लागतो. कधी भांडी, कधी सायकलची साखळी, कधी लॅपटॉप. दहाव्याला बोलला तेवढाच. बाबांच्या शेवटच्या दिवसांत त्याला वेळेवर पोहोचता आलं नाही, ते त्याच्या मनात आहे. मी कधी विचारलं नाही आणि त्यानं कधी सांगितलं नाही. आता पायच्या एका तुकड्यासाठी मी त्याला कुठे ओढू?

चिडचिड होते. घरात बसून होते, ट्राममध्ये होते, अल्बर्ट हाइनमध्ये साखर शोधताना होते. त्या दुकानात डब्यातला ॲपल पाय असतो. संहितानं काल तोच आणला, "आई, खा ना." मी नको म्हटलं. तिनं लगेच फ्रीजमध्ये ठेवला. इथे राहून ही मुलं एका 'नको'वर थांबायला शिकली आहेत. आपल्याकडे निदान तीनदा तरी विचारतात.

येत्या शनिवारी बोट, आणि बुधवारी माझं विमान. झालं म्हणायचं.

मंजूषा


पुणे, २० मे

मंजूषाताई,

आधीच सांगते, रागावू नका. मी काहीतरी करून बसले आहे.

काल रात्री मी सारंगरावांना फोन केला. म्हटलं, "जावईबापू, एक मागू का? इतकी वर्षं तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही." ते म्हणाले, "मागा ना आई." मी म्हटलं, "वाखनिंगनला शनिवारी बाजार भरतो म्हणे. तिथून मला फुलांचं बी हवं आहे. बाल्कनीत लावायला. बियाण्यातलं तुमच्या आईंना कळतं, तुमच्या बाबांच्या हाताखाली तयार झालेल्या आहेत त्या. त्यांनाच घेऊन जा, म्हणजे निवडून आणतील."

ते म्हणाले, "हो. आणतो."

आईला नाही म्हणता येतं, ताई. सासूला कुठला जावई नाही म्हणेल? आणि तेही सासूनं एकदाच मागितलं असताना? आयुष्यभर या मानपानाचं ओझं वाहिलं, म्हटलं एक दिवस कामाला तरी लावावं.

आता गुपित. आमची बाल्कनी आम्ही केव्हाच आत घेऊन खोली केली आहे. पुण्यात कोणाची उरली आहे? सारंगरावांच्या काही ते लक्षात यायचं नाही, पुरुष मंडळींना घरं कुठे दिसतात.

कुठलंही बी आणा. आणि मुख्य काम करून या. तिथे कोणी काही विचारलं तर कृपा करून नको म्हणू नका.

सुचित्रा


फोरबर्ग, २५ मे

सुचित्राताई,

परस्पर असं करायला नको होतं. हे आधी लिहून मोकळी होते.

आम्ही दोघंच गेलो. संहिता म्हणाली, तुम्हीच जा. गिथोर्नचं बुकिंग त्यानं काय केलं ते विचारलं नाही. गाडीत तो सगळा वेळ फोनमध्ये डोकं घालून. मी खिडकीबाहेर गायी पाहत होते. एडे-वाखनिंगन स्टेशन आलं, पाटीवर गावाचं नाव मोठ्या अक्षरांत, म्हणून मी उतरून भराभर चालायला लागले. तो मागून ओरडला, "आई, कुठे चाललीस? हे एडे आहे. वाखनिंगन बसनं पुढे आहे." मला ठाऊक होतं, मीच तर सगळं पाहून ठेवलं होतं. पण नाव दिसल्यावर पाय थांबले नाहीत. त्यात पाऊस. त्यात बस विद्यार्थ्यांनी भरलेली. एका मुलीनं उठून मला जागा दिली, आणि सारंग दांडीला धरून असा उभा होता की जणू कोणी त्याला दवाखान्यात नेत आहे.

चौक सापडला. चर्चही सापडलं. बाजार भरला होता, मासे, चीज, फुलं, मोजे. आणि मग मी चौकाच्या मधोमध उभी राहिले आणि मला यांचा असा राग आला म्हणून सांगू! इतकी वर्षं गोष्ट सांगितली. पाऊस कसा होता, पायरी कशी गार होती, कबुतरं कशी यायची. दुकानाचं नाव एकदाही सांगितलं नाही! आता कोणाला विचारू? एका कोपऱ्यावर एक दुकान, समोर दुसरं, शिवाय बाजारात एक गाडी. त्यांचं दुकान उरलं असेल की नसेल तेही ठाऊक नाही. सारंग म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "तुझे बाबा."

मी आपलं कोपऱ्यावरचं दुकान धरलं. काउंटरवरच्या मुलीनं एक तुकडा काढला आणि विचारलं, वर फेटलेली साय घालू का. माझ्या तोंडात नको आलंच होतं. तुमची आठवण झाली. मी हो म्हटलं. चमचाभर असेल असं वाटलं होतं, तिनं डोंगर घातला.

सारंग स्वतःसाठी सांगायला लागला, मी म्हटलं, "एकच पुरे." पायऱ्या ओल्या होत्या. पिशवी पसरून बसले. सुचित्राताई, खरं सांगते, तो ॲपल पाय काही फार थोर नव्हता. दालचिनी जास्त, तळ ओलसर, सफरचंद आंबट. इतक्या वर्षांच्या कौतुकाला पुरून उरेल असं त्यात काही नव्हतं. तरी मी अर्धा खाल्ला. सगळी साय खाल्ली. एक कणही सांडू दिला नाही.

मग उरलेला अर्धा मी कागदी रुमालात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. ठेवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते. हात तसाच पिशवीत राहिला.

सारंग सगळा वेळ उभाच होता. तेव्हा तो शेजारी येऊन बसला, ओल्या पायरीवर, पिशवीबिशवी काही न घेता. म्हणाला, "आई, संहिताच्या माहेरच्या घराला बाल्कनी नाहीये."

मी म्हटलं, "काय?"

"आत घेतली आहे त्यांनी. पुण्याला गेलो की मी त्याच खोलीत झोपतो."

"मग तुला माहीत होतं? आणि आलास कशाला?"

तो म्हणाला, "तुझा अर्धा इथे होता ना."

ऐकत होता तर तो. मी भाजी निवडायची तेव्हा हा पलीकडे अभ्यास करत बसलेला असायचा. मी विचारलं, "मग त्या शुक्रवारी गिथोर्न कशाला काढलंस?" म्हणाला, "तू जायचं का असं विचारलंस. मला जायचंय असं कुठे म्हणालीस? मला वाटलं माझ्यासाठी विचारते आहेस. आणि मला... मला इथे यायची भीती वाटत होती." मग तो बोलला. बाबांना बोटीत, म्हणजे इथलीच नदी ओलांडणाऱ्या तरीत, कसं बसवायचं ठरवलं होतं, तिकिटं कधी काढणार होता, विमानतळावर फोन आला तेव्हा तो कुठल्या रांगेत उभा होता. ते सगळं इथे लिहीत नाही. पाऊस थांबेपर्यंत बोलत होता आणि थांबल्यावरही. दोघंही भिजलो.

आज सकाळी चहा केल्यावर मी पुडी सोडली. तो न विचारता समोर येऊन बसला. दोन बश्या घेतल्या, अर्ध्याचे दोन भाग केले. दुसऱ्या दिवशी तळ जरा सुकतो आणि बरा लागतो. तेवढं मात्र हे खरं सांगत होते.

बी आणलं आहे. निळ्या फुलांचं. तुमच्या खोलीत काही ते उगवायचं नाही, म्हणून सारंगच्या बाल्कनीतल्या कुंडीत आम्ही दोघांनी पेरून टाकलं. पाणी घालायचं काम त्याच्याकडे.

बुधवारी निघते. मुंबईहून आधी पुण्याला येईन, स्वेटर द्यायला. जेवायला काय करू असं विचारणार असाल तर आत्ताच सांगते, मला थालीपीठ हवं आहे, वर लोणी. आणि दोनदा वाढा.

मंजूषा